मुलाम्याचे काटे-चमचे लिलावात देताना: पेटी उघडण्यापासून हातोडा पडेपर्यंत

पेटी उघडली, काळवंडलेले काटे-चमचे दिसले, की हात आपसूक पॉलिशच्या डबीकडे जातो. तो आवरा. घरच्या जुन्या कटलरीचं जे नुकसान होतं, त्यातलं बरंचसं घरातच होतं, पहिल्याच दिवशी आणि चांगल्या हेतूनं. कुणी घासून लखलखीत करतं, कुणी आठवण म्हणून भावंडांत दोन-दोन चमचे वाटून टाकतं, कुणी चांदी समजून मोडीत घालायला निघतं.

माझी आत्या गेल्यावर तिच्या कपाटातली अशी एक लाकडी पेटी छाननीसाठी माझ्याकडे आली. आत हिरव्या फेल्टचं अस्तर, प्रत्येक नगासाठी वेगळी खाच. मोठ्या काट्यांच्या खाचा बारा, पण एका नक्षीचे काटे अकराच. बारावा लांबीला तेवढाच होता, मात्र मुठीच्या टोकाची नक्षी निराळी. हा परका काटा इथे आला कुठून, हे शोधता शोधता मी या विषयात शिरलो. पुढे लिहिलंय ते त्या आणि त्यानंतर हाताळलेल्या पेट्यांवरून.

मुलाम्याला वजनाचा भाव नाही

अस्सल चांदीचा चमचा कुणालाच नको असला, तरी वजनाचे पैसे मिळतात. मुलाम्याच्या, म्हणजे दुसऱ्या धातूवर चांदीचा पातळ थर चढवलेल्या, चमच्याला हा आधार नाही. एक हिशोब करून बघा. डब्ल्यूएमएफ या जर्मन कंपनीच्या कटलरीवर ‘९०’ असा आकडा असतो. बारा काटे आणि बारा चमचे मिळून ९० ग्रॅम चांदी चढवली आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे एका नगावर पावणेचार ग्रॅम. तेवढा पृष्ठभाग धरला तर थराची जाडी साधारण ३६ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भागही नाही. आणि हा चांगला, दणकट मुलामा समजला जातो. एवढीशी चांदी सुटी करायला जो खर्च येतो, त्यात ती परवडत नाही. त्यामुळे मुलाम्याची वस्तू वितळवायला देणं म्हणजे ती फुकट घालवणं.

मग किंमत कशाला येते? संच पुरा असण्याला, बनवणाऱ्याच्या नावाला, नक्षीला, थर किती शाबूत आहे त्याला, आणि ही वस्तू कुठून आली हे सांगणाऱ्या कागदाला. पुढची प्रत्येक पायरी या पाचांपैकी काही ना काही वाचवण्यासाठी आहे.

पहिली पायरी: हक्क आणि मोजदाद

संग्रह एकट्याचा नसेल तर सगळ्या वारसांची लेखी संमती आधी घ्या. विकायचं काय, ठेवायचं काय, पैसे कसे वाटायचे, हे कागदावर असू द्या. लिलावगृह करारात तुमच्याकडून मालकीची हमी घेतं. हातोडा पडल्यावर, म्हणजे विक्री पक्की झाल्यावर, कुणी हरकत घेतली तर ती निस्तरणं फार अवघड जातं.

नंतर एका पांढऱ्या चादरीवर सगळं मांडा. आधी प्रकारानुसार, मग लांबीनुसार, मग नक्षीनुसार. फूटपट्टी हाताशी ठेवा. जेवणाचा मोठा काटा साधारण २० सेंटिमीटर भरतो आणि डेझर्टचा १७-१८. नजरेला ते सारखेच वाटतात आणि यादीत सर्रास एकत्र मोजले जातात. मासे खायचे काटे रुंद आणि बसके असतात, मासे खायच्या सुऱ्यांना धार नसते आणि पात्यावर बहुधा कोरीव काम असतं. वाढायचे मोठे चमचे, पळी, सॉसचे छोटे डाव, साखरेचे चिमटे यांचा ढीग वेगळा करा. प्रकार, लांबी, नगसंख्या, शिक्का, दोष अशी पाच रकान्यांची वही करा. पुढे लिलावाच्या कॅटलॉगमधलं वर्णन याच वहीवरून होणार आहे.

दुसरी पायरी: पाठीवरचे शिक्के

इथे घाई करू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि खिडकीजवळ, तिरप्या उजेडात मुठीची पाठ बघा. शिक्का दिसत नसेल तर तोंडाची वाफ त्यावर सोडा. वाफ विरताना अक्षरं क्षणभर उठून दिसतात.

सर्वांत जास्त भेटणारी अक्षरं म्हणजे ईपीएनएस. विजेच्या साहाय्यानं निकेल सिल्व्हरवर चढवलेली चांदी, असा त्यांचा अर्थ. निकेल सिल्व्हर म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. नावात चांदी असली तरी त्यात चांदीचा कणही नसतो, ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण आहे. ईपीबीएम असेल तर खाली ब्रिटानिया धातू, म्हणजे मुख्यतः कथील आणि थोडं अँटिमनी व तांबं. हा मऊ असतो, सहज वाकतो आणि दुरुस्त करायला अवघड जातो. ‘ए१’ ही बनवणाऱ्यानं आपल्या मुलाम्याला दिलेली प्रतवारी आहे, कुठल्या सरकारी तपासणीची मोहोर नाही.

अनेक इंग्लिश कारखान्यांनी ई, पी, एन, एस ही अक्षरं वळणदार लिपीत, एकेका छोट्या ढालीत अशी ठोकली आहेत की दुरून ओळीनं मारलेले अस्सल हॉलमार्क वाटावेत. फसायला होतं ते इथे. ब्रिटिश स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के कसाच्या, चांदीवर चालता सिंह असतो, सोबत परीक्षण झालेल्या शहराची खूण आणि बहुधा वर्षाचं अक्षर. इतर देशांच्या चांदीवर ९२५, ८३० किंवा ८०० असे तीन आकडी कस असतात. ९० किंवा १०० असा आकडा असेल तर तो कस नव्हे, वर सांगितलेले मुलाम्याचे ग्रॅम. हा ९० वाचून ‘नव्वद टक्के चांदी’ समजणारे लोक मी पाहिले आहेत, आणि खरं कळल्यावर पडलेले त्यांचे चेहरेही.

उलटही घडतं, म्हणून प्रत्येक नग तपासा. मुलाम्याच्या ढिगात एखादा स्टर्लिंगचा चमचा बेमालूम मिसळलेला असतो. चुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. चांदी चुंबकाला चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरही सहसा चिकटत नाही, त्यामुळे चुंबकानं फार तर लोखंड ओळखता येईल. नायट्रिक आम्लाचा थेंब टाकून बघण्याचा सल्ला कुणी दिला तर साफ नाही म्हणा. त्यानं डाग कायमचा राहतो आणि मुलाम्यावर उत्तरही फसवं मिळतं. शंका असेल तर तो नग वेगळा ठेवा, लिलावगृहाचा जाणकार बघेल.

काळ ठरवताना चार गोष्टी कामाला येतात. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा पत्रा तापवून जोडायची युक्ती इंग्लंडमधल्या शेफील्ड गावात थॉमस बोल्सोवरनं १७४०च्या दशकात शोधली. त्या वस्तूंना जुनी शेफील्ड प्लेट म्हणतात, पण या पद्धतीनं काटे-चमचे फारसे बनले नाहीत, बनल्या त्या मेणबत्तीच्या दाण्या, तबकं, किटल्या. म्हणून तुमच्या पेटीतल्या चमच्यावर ‘शेफील्ड’ एवढंच लिहिलं असेल तर ते बहुतेक गावाचं नाव, पद्धतीचं नव्हे. विजेच्या मुलाम्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४०मध्ये घेतलं आणि त्यानंतर अशी कटलरी घरोघरी गेली. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ हा अमेरिकी शिक्का असेल तर १८४७ हे तुमच्या चमच्याचं जन्मवर्ष समजू नका, तो ब्रँडच्या नावाचा भाग आहे आणि विसाव्या शतकातल्या नगांवरही तो सापडतो. आणि सुरीच्या पात्यावर ‘स्टेनलेस’ कोरलेलं असेल तर ती सुरी, निदान ते पातं, १९१३ नंतरचं. हॅरी ब्रिअर्लीनं शेफील्डमध्ये हे पोलाद त्या वर्षी बनवलं.

तो बारावा काटा? त्याच्या पाठीवर दुसऱ्याच कारखान्याचा शिक्का निघाला. मूळ काटा कधीतरी हरवला असेल आणि कुणीतरी लांबी जुळणारा शोधून खाच भरून काढली असेल. यादीत मी तसंच लिहिलं: अकरा एका नक्षीचे, एक जोडीला आणलेला.

तिसरी पायरी: झीज ओळखणं

काळेपणा हा दोष नाही. हवेतल्या गंधकाच्या संयुगांशी चांदीची क्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो, तो निघतो. झीज मात्र परत येत नाही, म्हणून दोन्हींत फरक करता आला पाहिजे.

चमचा टेबलावर ठेवल्यावर त्याच्या खोलगट भागाची पाठ जिथे टेकते, ती जागा आधी बघा. मुलामा सर्वांत आधी तिथेच जातो. मग काट्यांच्या दात्यांची टोकं आणि मुठीची टेकणारी जागा. चांदीचा रंग स्वच्छ पांढरा असतो. तो संपून पिवळट छटा दिसली तर खालचं जर्मन सिल्व्हर उघडं पडलंय. तांबूस असेल तर तांबं, मंद राखाडी असेल तर ब्रिटानिया धातू. दिव्याच्या पिवळ्या उजेडात हे कळत नाही, दिवसाच बघा. एक ताजा पांढरा कागद शेजारी ठेवला तर पिवळी छटा लगेच ओळखू येते.

काट्याचे दाते एका ओळीत आहेत का, एखादा आखूड झालाय का, हे काटा उभा धरून टोकाकडून बघा. चमच्याची कड बोटानं चाचपा. वर्षानुवर्षं एकाच हातानं खाल्लेल्या चमच्याची एक बाजू झिजून सपाट झालेली असते. मिठाच्या चमच्यांवर बारीक काळे खड्डे असतील तर ते मिठानं खाल्लेलं आहे, ते पॉलिशनं जात नाहीत.

नव्यानं मुलामा चढवून घ्यावा का? विकण्यासाठी असेल तर नको. त्याचा खर्च बहुतेक वेळा वाढलेल्या किमतीपेक्षा जास्त होतो, आणि चढवण्याआधीच्या घासणीत नक्षीची धार व शिक्के बोथट होतात. पिवळी पडलेली जागा जशी आहे तशी दाखवलेली बरी.

कोरलेली आद्याक्षरं घासून काढण्याचा मोहही टाळा. मुलाम्यावर अक्षर काढायला गेलात तर थरच निघतो आणि पिवळा डाग उरतो. ती अक्षरं मुठीच्या पुढच्या बाजूला आहेत की पाठीवर, हेही नोंदवा. फ्रेंच रीतीत काटे दाते खाली करून मांडत, म्हणून त्यांची मोनोग्राम पाठीवर सापडतात. एवढ्याशा खुणेवरून ती कटलरी कुठल्या पद्धतीच्या टेबलासाठी बनवली होती ते कळतं. मला हा तपशील फार आवडतो.

चौथी पायरी: सुऱ्यांकडे वेगळं बघा

सुऱ्यांची मूठ अनेकदा पोकळ असते आणि आत राळेसारखा पदार्थ भरून पातं बसवलेलं असतं. गरम पाण्यात ती राळ मऊ होते, फुगते, पातं डुगडुगतं आणि मुठीची शिवण उकलते. आत्याच्या पेटीतल्या दोन सुऱ्या अशाच गेल्या, कुणीतरी मदत म्हणून कढत पाण्याच्या घमेल्यात बुडवून ठेवल्या होत्या. प्रत्येक सुरी कानाशी धरून हलवा. खुळखुळ आली तर यादीत ‘मूठ सैल’ लिहा.

पांढऱ्या मुठी असतील तर ते काय आहे, हा कायद्याचा प्रश्न होतो. हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. हाडावर गडद ठिपके किंवा छोट्या चिरा असतात. सेल्युलॉइडवर कारखान्यात पाडलेल्या, फारच नियमित समांतर रेषा असतात. ते ज्वालाग्राही असतं, म्हणून तापलेली सुई टोचून बघण्याचा जुना उपाय करू नका. हस्तिदंताच्या व्यापारावर अनेक देशांत कडक बंदी आहे. ब्रिटनचा २०१८चा कायदा ६ जून २०२२ला लागू झाला आणि मोजके अपवाद सोडून जुन्या वस्तूंची विक्रीही त्यात बंद झाली. संशय असेल तर त्या सुऱ्या बाजूला काढा आणि लिलावगृहाला आधीच सांगा. लपवण्यात नुकसान तुमचंच आहे.

पाचवी पायरी: किती साफ करायचं

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, लगेच कोरडं. इतकंच. प्रत्येक पॉलिशबरोबर थोडी चांदी जाते आणि मुलाम्यात द्यायला चांदी फारशी नसतेच. टूथपेस्ट, राख, घासणीची तार यांतलं काहीही नको. ॲल्युमिनियमच्या कागदावर खाण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवायची युक्ती रसायनशास्त्राच्या दृष्टीनं खरी आहे, गंधक ॲल्युमिनियमकडे जातो आणि चांदी मागे राहते. पण नक्षीच्या खोबणीत मुद्दाम ठेवलेली काळी छटाही त्यात निघून जाते आणि नक्षी सपाट, निर्जीव दिसू लागते. पोकळ मुठीच्या सुऱ्यांना तर ते गरम पाणी मारकच. खरेदीदारांना खोबणीतली काळी छाया हवी असते, हे लक्षात ठेवा.

साठवताना रबर बँड आणि लोकरीचं कापड टाळा, दोन्हींत गंधक असतं. रबर बँडनं बांधलेल्या चमच्यांवर काळा पट्टा उमटतो आणि तो कधी कधी कायम राहतो. आम्लविरहित टिश्यू किंवा धुतलेलं सुती कापड पुरतं.

सहावी पायरी: लॉट कसे पाडायचे

लिलावात एकत्र विकायच्या वस्तूंच्या गटाला लॉट म्हणतात. एका नक्षीचं, एका कारखान्याचं सगळं एकत्र ठेवा, आणि मूळ पेटी असेल तर संच पेटीसकट द्या. सहा, आठ, बारा या आकड्यांना मागणी असते. अकरा आणि एक परका, हे लिहून सांगितलं तरी चालतं, पण अकराचे आठ आणि तीन करून दोन लॉट पाडले की ते तीन काटे मागे उरतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. वाढायचे मोठे चमचे सुटे विकले जातात, पण ते जुळत्या नक्षीचे असतील तर संचाबरोबर ठेवणं मी पसंत करतो. एकाच नक्षीची पळी शोधत वर्षं घालवलेले लोक असतात, ते त्या एका नगासाठी सगळा संच घेतात.

किरकोळ, विजोड नगांचा एकच लॉट करा. त्यात चांगला नग दडवून ‘आकर्षण’ निर्माण करू नका, तो त्या ढिगाच्या भावानं जातो.

सातवी पायरी: घराण्याचा कागद

कॅटलॉगमध्ये ‘एका खासगी कौटुंबिक संग्रहातून’ हे शब्द उगाच घातलेले नसतात. ही वस्तू व्यापाऱ्यांच्या दुकानांतून फिरून आलेली नाही, पिढ्यान्‌पिढ्या एका घरात होती, असं ते सांगतात. पण शब्दांना आधार हवा. जुनी पावती, पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवलेली विक्रेत्याची चिठ्ठी, मांडलेल्या टेबलाचा फोटो, लग्नात आलेल्या भेटींची यादी, पत्रातली एखादी ओळ, जे असेल ते झेरॉक्स करून द्या, मूळ स्वतःकडे ठेवा. मोनोग्राम कुणाची, हे माहीत असेल तर लिहा. ‘आजी सांगायची’ एवढाच आधार असेल तर ‘कुटुंबात असं सांगितलं जातं’ असंच लिहा, पक्कं विधान करू नका. घराण्याचं नाव छापायचं की नाही, हा तुमचा निर्णय. न छापताही कागद लिलावगृहाकडे राहू शकतात.

आठवी पायरी: लिलावगृह आणि करार

सोदबीज १७४४पासून आणि क्रिस्टीज १७६६पासून आहेत, पण मुलाम्याच्या कटलरीला मोठ्या नावांची गरज क्वचितच असते. घरगुती सामान आणि अंतर्गत सजावटीच्या वस्तूंचे नियमित लिलाव करणाऱ्या मध्यम लिलावगृहात ती जास्त नीट विकली जाते. त्यांच्या गेल्या काही लिलावांचे निकाल बघा. लिलावाआधी छापलेली अंदाजी किंमत (खालचा आणि वरचा आकडा) नव्हे, हातोडा कितीला पडला ते बघा. आणि तुमच्यासारखे संच तिथे एकेकटे मांडले जातात की खोक्यात भरून, हेही बघा.

करार ओळ न ओळ वाचा. विक्रेत्याचं कमिशन किती, प्रत्येक लॉटला किमान शुल्क आहे का, फोटोचे पैसे, विम्याचे पैसे, न विकलं तर शुल्क, माल मागे घेतला तर शुल्क, आणि पैसे किती दिवसांत. एक काल्पनिक उदाहरण घ्या. हातोडा १०० वर पडला. खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे त्यानं लिलावगृहाला वर द्यायची रक्कम, २५ टक्के असेल तर तो १२५ देतो, पण तुमचा हिशोब १०० पासूनच सुरू होतो. कमिशन १५ टक्के गेलं, उरले ८५, मग फोटो आणि विमा. हलक्या किमतीच्या लॉटवर ठरावीक शुल्कच निम्मं खाऊन टाकतं, म्हणून लहान लॉट एकत्र करण्याचा फायदा इथेही आहे.

राखीव किंमत म्हणजे जिच्याखाली वस्तू विकायची नाही ती रक्कम. ती बहुधा अंदाजाच्या खालच्या आकड्याइतकी किंवा कमी ठेवतात. मुलाम्याच्या बाबतीत माझा कल ती कमी ठेवण्याकडे आहे. राखीव किंमत चढी असली तर बोली तिथवर पोचतच नाही, आणि एकदा ‘न विकलेला’ ठरलेला संच पुढच्या वेळी थंड प्रतिसादानं परततो.

फोटो आणि स्थितीचा अहवाल लिलावगृह करतं, पण तुमचे स्वतःचे फोटो आधी काढून ठेवा. ढगाळ दिवसाचा मऊ उजेड, फ्लॅश नको, एक फोटो सगळ्या संचाचा, एक शिक्क्याचा, एक झिजलेल्या जागेचा. माल देताना नगसंख्या लिहिलेली पोच घ्या आणि ती तुमच्या वहीशी तिथेच ताडून बघा.

कॅटलॉगचा मसुदा आला की प्रत्येक आकडा तपासा. आमच्या मसुद्यात ‘बारा मोठे काटे’ असं आलं होतं. फोन करून ‘अकरा, अधिक एक वेगळ्या कारखान्याचा’ असं करून घेतलं. लिलावाच्या दोन दिवस आधी एका इच्छुकानं त्याच बाराव्या काट्याच्या शिक्क्याचा जवळून फोटो मागवला. संच त्यानंच घेतला.

हातोडा पडल्यावर हिशोबाचा कागद येतो, तो करारातल्या टक्क्यांशी पडताळा. जे विकलं नाही ते ठरल्या मुदतीत परत आणा, नाहीतर साठवणुकीचं शुल्क चढतं. परत आलेले विजोड चमचे पुन्हा पेटीत बंद करण्यापेक्षा रोजच्या जेवणात घ्या. वापरून, धुऊन, लगेच पुसलेला चमचा बंद पेटीतल्या चमच्यापेक्षा हळू काळवंडतो.